ओकच्या सांगाड्यावर उभं घर: नँटविचचं चर्चेस मॅन्शन

इंग्लंडच्या वायव्य भागात, चेशर परगण्यात, वीव्हर नदीच्या काठी नँटविच नावाचं जुनं बाजारपेठेचं गाव आहे. जमिनीखालचं खारं पाणी आटवून मीठ काढायचं आणि कातडी कमवायची, या दोन धंद्यांवर ते शेकडो वर्षं पोसलं. या गावातल्या हॉस्पिटल स्ट्रीटच्या पूर्व टोकाला काळ्या लाकडाचं आणि पांढऱ्या गिलाव्याचं, दर्शनी बाजूला चार त्रिकोणी शिखरं असलेलं एक मोठं घर उभं आहे. रिचर्ड चर्च नावाच्या धनिक व्यापाऱ्याने ते 1577 साली बांधून घेतलं, म्हणून त्याचं नाव चर्चेस मॅन्शन. घराच्या लाकडावर रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी मार्जरी यांची नावं कोरलेली आहेत. शेजारीच ते बांधणाऱ्या सुताराचं, टॉमस क्लीजचंही नाव आहे. सोळाव्या शतकातल्या सुताराला आपलं नाव मालकाच्या नावाच्या जोडीने कोरता आलं, यावरूनच त्या काळी त्याचा मान केवढा होता ते कळतं. आणि तो मान त्याने कमावलेलाच होता, कारण असं घर खऱ्या अर्थाने सुताराचंच असतं. गवंड्याचं काम त्यात दुय्यम.

असं घर पाहिलं की नजर आधी जाते ती त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे, आणि ते पट्टे शोभेसाठी आहेत असं वाटून आपण पुढे जातो. पण त्यातलं जवळपास प्रत्येक लाकूड काहीतरी काम करत असतं. कोणतं लाकूड वजन पेलतंय, कोणतं घराला वाकू देत नाही आणि कोणतं खरोखर निव्वळ हौसेचं आहे, हे एकदा ओळखता आलं की घराचा दर्शनी भाग एखाद्या नकाशासारखा वाचता येतो. ते कसं वाचायचं, हेच मला इथे सांगायचं आहे.

वजन कुठून कुठे जातं

विटांच्या किंवा दगडांच्या जुन्या घरात भिंत हीच घराला उभं ठेवते. भिंत पाडली की वरचं सगळं खाली येतं. लाकडी चौकटीच्या घरात तसं नसतं. इथे आधी लाकडाचा पूर्ण सांगाडा उभा राहतो, छपरासकट, आणि मगच त्यातले रिकामे चौकोन भरले जातात. आजच्या आपल्या कॉलम-बीमच्या इमारतीत विटांची भिंत फक्त आडोसा असते, वजन कॉलम वाहतात. हे घर त्याच तत्त्वावर उभं आहे, फक्त काँक्रीटच्या जागी ओक झाडाचं लाकूड आहे. भिंतीवर भार नसल्यामुळे खिडकी हवी तिथे आणि हवी तेवढी रुंद ठेवता येते. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या श्रीमंतांनी शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या-छोट्या काचांच्या लांबच लांब खिडक्या केल्या, त्या याच सोयीमुळे. काच तेव्हा महाग होती, त्यामुळे खिडकीचा आकार हाही श्रीमंती दाखवायचा एक मार्ग होता.

आता खालून वर जाऊ. जमिनीवर दगडाचं बुटकं जोतं. त्याचं काम एकच, लाकूड ओल्या मातीपासून वर ठेवणं. जोत्यावर चारी बाजूंनी एक जाड आडवी तुळई टाकलेली असते. तिच्यात उभे खांब रोवलेले असतात. खांबांच्या डोक्यावरून भिंतीच्या लांबीने दुसरी तुळई धावते आणि समोरासमोरच्या दोन खांबांना घराच्या रुंदीतून एक मोठी आडवी तुळई जोडते. छपराचे वासे तिरपे असल्यामुळे खालच्या टोकाशी बाहेर ढकलत असतात. ही रुंदीतली तुळई नसेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती हळूहळू फाकतील आणि छप्पर मधोमध बसेल. म्हणून सगळ्या घरात सर्वांत महत्त्वाचं लाकूड हेच. एखाद्या मालकाने डोक्याला लागते म्हणून किंवा दाराला आड येते म्हणून ती तुळई कापून टाकली, आणि पुढे घर फाकलं, असं इंग्लंडमधल्या जुन्या घरांत अनेकदा झालं आहे.

दोन खांब आणि त्यांना जोडणारी आडवी तुळई मिळून एक चौकट होते. अशा दोन चौकटींमधली जागा म्हणजे एक खण. घर वाढवायचं तर खण वाढवायचे. चर्चेस मॅन्शनमध्ये मधोमध दिवाणखान्याचा भाग आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना आडवे बाहू. समोरून दिसणाऱ्या चार शिखरांपैकी कडेची दोन मोठी शिखरं म्हणजे या बाहूंची टोकं. मधली दोन त्यांच्यापेक्षा लहान आहेत.

एवढ्यावर घर उभं राहील, पण वारा आला की हलेल. चार लाकडांचा चौकोन कितीही जाड असला तरी कोपऱ्यांत मुडपतो आणि तिरपा होतो. त्रिकोण मात्र मुडपत नाही. म्हणून खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरकी लाकडं घालतात, कधी सरळ, कधी कमानदार. घराच्या दर्शनी भागावर ही तिरकी लाकडं सहज शोधता येतात. कमानदार तुकडा वाकवलेला नसतो. सुतार जंगलात जाऊन मुळातच तसं वाकडं वाढलेलं झाड निवडत. लाकडाचे धागे त्या वळणाबरोबर जात असल्यामुळे तो तुकडा अधिक मजबूत होतो, आणि तेच झाड मधोमध उभं चिरलं की एकमेकांची प्रतिबिंबं वाटावीत अशी दोन वळणं मिळतात. घराच्या दोन अंगांना समोरासमोर ती लावली की जी जोडी दिसते ती बहुधा एकाच झाडाची असते.

ओलं लाकूड

आपल्याकडे लाकूड वाळवून मगच वापरायचं, ही सुतारकामातली पहिली शिकवण. या घरांमध्ये उलट होतं. ओक झाड तोडलं की बहुधा त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी घरात लागत असे. कारण व्यवहाराचं होतं. ओला ओक वाकशीने आणि पटाशीने सहज कापला जातो, वाळला की तोच दगडासारखा होतो. शिवाय जाड तुळई वाळायला वर्षानुवर्षं लागतात. तेवढं थांबणार कोण?

मग घर उभं राहिल्यावर लाकूड जागेवरच वाळत असे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसतं, पिळतं, तडकतं. जुन्या इंग्लिश घरांत दिसणारे तिरपे दरवाजे, लाटेसारखी जमीन आणि तुळयांवरच्या लांब भेगा यांतलं पुष्कळसं या वाळण्यामुळे पहिल्या काही दशकांतच झालेलं आहे. त्या भेगा पाहून घाबरायचं कारण नसतं.

याच सवयीचा फायदा आज इतिहासकारांना मिळतो. लाकडात बारीक नळीसारखा नमुना घेऊन झाडाच्या वार्षिक कड्या मोजल्या आणि साल जिथे होती ती शेवटची कडी सापडली, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं हे सांगता येतं. लाकूड साठवून ठेवत नसल्यामुळे झाड तोडल्याचं वर्ष म्हणजेच घर बांधल्याचं वर्ष, किंवा फार तर त्याच्या एखाद-दोन वर्षं आधीचं.

एका घराला किती झाडं लागत? ऑलिव्हर रॅकहॅम हे इंग्लंडच्या जंगलांचे मोठे अभ्यासक. त्यांनी सफक परगण्यातल्या एका जुन्या शेतघरातली लाकडं मोजली तेव्हा हिशोब सुमारे 330 झाडांचा निघाला. त्यातली बहुतेक झाडं मोठी नव्हती, मध्यम किंवा बारीक बुंध्याची होती. सुतार हव्या त्या जाडीचं झाड निवडत आणि चारी बाजू तासून एका झाडातून एक तुळई काढत. पुराणवृक्ष कापून घरं बांधली, हा समज म्हणून फारसा खरा नाही. आणखी एक लोकप्रिय समज असा की ही लाकडं मोडीत काढलेल्या जहाजांची आहेत. समुद्रापासून कोसो दूर असलेल्या गावांतही घरमालक हे अभिमानाने सांगतात. जुन्या तुळयांवर काहीच न बसवलेल्या रिकाम्या खाचा दिसतात, त्यावरून हा समज पसरला. पण त्या खाचा बहुतेक वेळा आधीच्या एखाद्या घराच्या असतात. चांगला ओक फेकून द्यायचा नाही, एका घराचा दुसऱ्या घराला लावायचा, ही तेव्हाची रीतच होती.

एक सांधा जवळून

या घरांचं खरं कौशल्य सांध्यांमध्ये आहे, आणि एक सांधा तरी नीट पाहण्यासारखा आहे. खांबाच्या डोक्यावर दोन तुळया एकत्र येतात: भिंतीच्या लांबीची आणि घराच्या रुंदीची. तीन जाड लाकडं एकाच जागी, तीन दिशांनी. सरळ खांबाच्या डोक्यावर दोघींना बसायला पुरेशी जागाच नसते.

सुतारांनी यावर काढलेला तोडगा असा. झाडाचा बुंधा मुळाशी रुंद असतो. म्हणून खांब उलटा उभा करायचा, मुळाकडचं टोक वर. मग खांबाच्या डोक्याशी आतल्या बाजूला एक फुगवटा मिळतो. त्या रुंद डोक्यावर दोन कुसवं, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत शिरणारी जिभेसारखी टोकं, कोरायची, वेगवेगळ्या उंचीची आणि एकमेकांशी काटकोनात. खालचं कुसू भिंतीच्या तुळईत शिरतं. वरचं कुसू मागच्या फुगवट्यावरून उठतं आणि रुंदीच्या तुळईत शिरतं. ही रुंदीची तुळई भिंतीच्या तुळईवर नुसती टेकत नाही. तिच्या खालच्या अंगाला कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारा कोरीव भाग असतो आणि तो भिंतीच्या तुळईतल्या तशाच खाचेत वरून बसतो. एकदा बसला की भिंत बाहेर ढकलली गेली तरी शेपटी सुटत नाही. तिन्ही लाकडं एकमेकांना धरून बसतात, आणि छपराचं वजन जितकं वरून दाबेल तितका हा सांधा घट्ट होतो. तेराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडमध्ये तो रुळला आणि पुढे काही शतकं देशभरच्या सुतारांनी तो जवळजवळ न बदलता वापरला. मला या सगळ्या वास्तुकलेत याहून सुंदर काही वाटत नाही, आणि गंमत म्हणजे सांधा पूर्ण बसल्यावर त्यातलं जवळपास काहीच बाहेरून दिसत नाही.

सांधा धरून ठेवायला लोखंडी खिळा वापरत नसत. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, ओल लागली की ते लोखंडाला खातं आणि लाकडावर काळेनिळे डाग पडतात. त्याऐवजी वाळलेल्या ओकची खुंटी. तिची भोकं पाडण्यातही एक युक्ती आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात आणि आत शिरणाऱ्या कुसवात भोक एकाच रेषेत पाडत नाहीत. कुसवातलं भोक दोनेक मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या बाजूला, सरकवून पाडतात. मग निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि जाता-जाता कुसू आत खेचून घेते. पुढे ओलं लाकूड आकसलं तरी खुंटीचा ताण सांधा सैल होऊ देत नाही. घराच्या बाहेरून नीट पाहिलं तर तुळयांवर या खुंट्यांची गोल किंवा चौकोनी टोकं ओळीने दिसतात, काही तर दोन बोटं बाहेर डोकावणारी.

हे सगळं काम बांधकामाच्या जागी होत नसे. गावातल्या अरुंद रस्त्यावर तेवढी जागाच नव्हती. सुताराच्या अंगणात प्रत्येक चौकट जमिनीवर आडवी मांडायची, लाकडावर लाकूड ठेवून जिथल्या तिथे खुणा करायच्या, कोरायचं, जुळवून पाहायचं आणि मग सुटं करायचं. कोणतीही दोन लाकडं अगदी सारखी नसल्यामुळे प्रत्येक सांधा फक्त आपल्या जोडीदारालाच बसतो. म्हणून सुतार दोन्ही लाकडांवर सारखाच आकडा कोरून ठेवी. हे आकडे रोमन पद्धतीचे, कारण सरळ रेघा पटाशीने चटकन मारता येतात. चारसाठी बहुधा चार उभ्या रेघाच असत. म्हणजे आकडा उलट बाजूने पाहिला तरी घोटाळा नको. मग गाडीत घालून सगळं जागेवर न्यायचं, दोर आणि उचलकाठ्यांनी उभं करायचं आणि खुंट्या ठोकायच्या. त्या खुणा चारशे-पाचशे वर्षांनंतरही पुष्कळ घरांत बोटाने चाचपता येतात.

मजले पुढे का येतात

चर्चेस मॅन्शनचा वरचा मजला तळमजल्यापेक्षा पुढे आलेला आहे आणि त्यावरचा माळा त्याहून थोडा पुढे. इंग्लंडच्या जुन्या शहरांत हे सगळीकडे दिसतं. यॉर्कच्या शॅम्बल्स गल्लीत तर समोरासमोरच्या घरांची वरची अंगं एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

याचं कारण एकच सांगितलं जातं की शहरात जमीन महाग होती, म्हणून रस्त्यावर वाढून जागा मिळवली. जागा मिळत होतीच, पण गावाबाहेर मोकळ्या माळावरच्या घरांनाही असे मजले आहेत, तिथे हे कारण लागू पडत नाही. दुसरं कारण बांधकामाचं आहे. मजल्याची आडवी लाकडं भिंतीवरून पुढे काढली आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली, तर त्या भिंतीचा भार टोकं खाली दाबतो आणि त्यामुळे खोलीच्या मधोमध लाकडं थोडी वर उचलली जातात. जमीन मधे कमी झुलते. तिसरं, प्रत्येक मजल्याला आपले वेगळे आखूड खांब पुरतात, दोन मजले उंचीची लांबलचक लाकडं शोधावी लागत नाहीत. चौथं, वरचा मजला खालच्या भिंतीवर पावसात छत्री धरतो. आणि पाचवं म्हणजे दिमाख. पुढे आलेला मजला हे पैशाचं लक्षण होतं, नाहीतर चार बाजूंपैकी फक्त रस्त्याकडचीच बाजू इतक्या घरांत पुढे आली नसती. मला विचाराल तर दिमाख आणि सुताराची सोय यांना मी जागेच्या टंचाईपेक्षा जास्त वजन देईन.

कोपऱ्यावरच्या घरात, दोन्ही रस्त्यांकडे मजला पुढे काढायचा असेल तर पंचाईत होते, कारण मजल्याची लाकडं एकाच दिशेने जातात. तिथे कोपऱ्यात एक जाड तुळई तिरपी, कर्णाच्या रेषेत टाकतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना आखूड लाकडं पंख्यासारखी जोडतात. या तुळईखालच्या कोपऱ्याच्या खांबावर पुष्कळदा घरातलं सर्वांत चांगलं कोरीव काम सापडतं, कारण तो दोन्ही रस्त्यांवरून दिसतो.

चौकोन भरणं

सांगाडा उभा राहिल्यावर रिकामे चौकोन भरायचे. यासाठी वरच्या लाकडात भोकं आणि खालच्या लाकडात लांब खाच कोरून त्यांत ओकच्या उभ्या काठ्या अडकवत. मग हेझल नावाच्या झुडपाच्या लवचीक फांद्या त्यांच्यामधून आडव्या विणायच्या. झाला कूड. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकणमाती, शेण आणि बारीक कापलेलं गवत यांचा लगदा थापायचा आणि वाळला की चुना. शेण आणि गवत मातीला धरून ठेवतात, तडा जाऊ देत नाहीत. हे काम गावातल्या कोणालाही येत असे, माल जवळपास फुकट, आणि एखादा चौकोन खराब झाला तर तेवढाच काढून नवा करता येई.

चौकोनांचा आकार प्रांतागणिक बदलतो. इंग्लंडच्या पूर्वेला उभी लाकडं अगदी जवळजवळ लावायची पद्धत, मधे हातभरच जागा. इतकी लाकडं वजनासाठी लागत नाहीत. ओक उधळण्याइतका पैसा आपल्याकडे आहे, हे त्यातून दिसे. पश्चिमेला मोठे चौकोन, आणि चेशर, लँकेशर, श्रॉपशर या भागांत त्या चौकोनांत वळणदार तुकडे घालून फुलं, शंकरपाळ्यासारख्या आकृत्या, माशांच्या काट्यासारखे पट्टे असं काम. हेच ते हौसेचं लाकूड. मोठ्या खांब-तुळयांपेक्षा ते बारीक असतं, आणि बहुधा त्याच्यावर काही भार नसतो. एकदा हा फरक नजरेला सापडला की चर्चेस मॅन्शनसारख्या घरासमोर उभं राहून हाडं कोणती आणि दागिने कोणते, हे वेगळं काढता येतं.

काळा रंग कुणी दिला

आता त्या प्रसिद्ध काळ्या-पांढऱ्याबद्दल. ओकला रंग न देता सोडलं तर काही वर्षांत तो रुपेरी करडा होतो. अनेक घरांत लाकूड तसंच सोडलेलं असे, किंवा लाकूड आणि गिलावा या दोन्हींवरून सरसकट चुन्याचा हात फिरवलेला असे, कधी गेरूचा किंवा पिवळ्या मातीचा रंग मिसळून. सफकमधल्या लॅव्हनम गावात आजही असे फिकट, मऊ रंग दिसतात. लाकडाला डांबर किंवा काळा रंग आणि मधल्या जागेला पांढराशुभ्र चुना, हा ठसठशीत अवतार बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. तेव्हा जुन्या इंग्लंडबद्दल नवं प्रेम उफाळून आलं होतं. त्याच प्रेमापोटी चेस्टर शहराच्या मध्यभागी जुन्या धाटणीच्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, आणि पर्यटक ज्या काळ्या-पांढऱ्या घरांपुढे फोटो काढतात त्यांतल्या पुष्कळशा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आहेत. त्या चांगल्या बांधलेल्या आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. विसाव्या शतकात मात्र लंडनच्या उपनगरांत विटांच्या भिंतीवर पातळ फळ्या ठोकून तोच देखावा उभा केला गेला. तिथे खुंट्यांची टोकं नसतात, तिरकी लाकडं कुठेही सुरू होऊन कुठेही संपतात आणि कोपऱ्यावर पाहिलं तर फळीची जाडी बोटभर भरते.

उलट प्रकारही घडला. अठराव्या शतकात विटांची सरळ, प्रमाणबद्ध घरं चलनात आली तेव्हा अनेक मालकांनी लाकडी घराच्या समोर नुसती विटांची नवी भिंत उभारली किंवा सगळं गिलाव्याखाली झाकलं. आजही इंग्लंडच्या एखाद्या साध्या विटांच्या दुकानात मागच्या खोलीत गेलं की पंधराव्या शतकातल्या तुळया डोक्यावर दिसतात.

आग

10 डिसेंबर 1583 रोजी नँटविचमध्ये आग लागली आणि ती वीस दिवस धुमसत राहिली. सुमारे 150 इमारती गेल्या, गावातली निम्म्याच्या आसपास माणसं उघड्यावर आली. बेअर नावाच्या खानावळीत झुंजींसाठी पाळलेली चार अस्वलं होती. ती सोडून दिली गेली आणि त्यांच्या भीतीने पाणी वाहायला लोक धजेनात. चर्चेस मॅन्शन तेव्हा सहा वर्षांचं होतं. ते वाचलं. वाचलेल्या मोजक्या घरांपैकी ते एक. घरावरच्या कोरीव कामात सॅलमँडर आहे, आगीत राहूनही जळत नाही असं तेव्हा मानला जाणारा प्राणी, आणि ते पाहून आजही लोक त्याचे आभार मानतात. गावाच्या अगदी टोकाला असणं हे मला जास्त पटणारं कारण वाटतं.

लाकडी घरं जळतात हे खरं असलं तरी जाड ओक कसा जळतो हे समजून घेण्यासारखं आहे. बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. ओकसारखं जड लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या गतीने आत जळत जातं. फूटभर जाडीचा खांब त्यामुळे तासभराच्या आगीतही उभा राहू शकतो. गाव जळतं ते गवताने शाकारलेल्या छपरांमुळे, दारात रचलेल्या सरपणामुळे आणि रस्त्यावर पुढे आलेल्या मजल्यांमुळे, कारण ठिणगीला एका घरावरून दुसऱ्या घरावर जायला अंतरच उरत नाही.

राणी एलिझाबेथने स्वतः हजार पौंड दिले, देशभरातून वर्गणी गोळा करवली आणि डेलामेअरच्या सरकारी जंगलातून लाकूडही दिलं. नँटविच पुन्हा उभं राहिलं, पुन्हा लाकडातच. भाजलेल्या विटा महाग होत्या, ओक जवळ होता आणि सुतारांच्या हातात ही विद्या होती. बाजारचौकातल्या एका घरावर राणीचे आभार मानणारी कविता कोरलेली आहे: तिने मदतीचा हात पुढे केला म्हणून हे गाव पुन्हा बांधता आलं, देव तिला उदंड राज्य देवो, असा तिचा आशय. त्या घराशीही नाव जोडलेलं आहे ते क्लीजचंच. लंडनने मात्र वेगळा धडा घेतला. 1666 च्या महाआगीत तिथली 13,000 हून अधिक घरं गेली, आणि 1667 च्या कायद्याने नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असं ठरवलं. म्हणून लंडनच्या जुन्या भागात अशी घरं जवळजवळ उरलेली नाहीत. हॉबर्नमधलं स्टेपल इन हा ठळक अपवाद.

सुटं होणारं घर आणि त्याची निगा

सांगाडा खुंट्यांवर उभा असल्यामुळे खुंट्या काढल्या तर घर पुन्हा सुटं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना याची फार ओढ लागली. लँकेशरमधलं एजक्रॉफ्ट हॉल 1920 च्या दशकात असंच उतरवून जहाजाने अमेरिकेला गेलं आणि ते आजही व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात उभं आहे. चर्चेस मॅन्शनवरही तीच वेळ आली होती. मधल्या काळात त्याने धान्याचं कोठार आणि मुलींची शाळा अशी कामं केली होती, पुढे ते मोडकळीला आलं, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला विकायची तयारी झाली होती. 1930 साली एका डॉक्टर दांपत्याने ते विकत घेऊन दुरुस्तीला हात घातला, म्हणून ते नँटविचमध्ये राहिलं. आज ते कायद्याने सर्वोच्च दर्जाचं संरक्षण असलेल्या इमारतींत मोडतं. एक्सेटर शहरातलं एक जुनं लाकडी घर तर 1961 मध्ये नव्या रस्त्याच्या आड आलं तेव्हा सुटंही न करता चाकांवर चढवून, चढाच्या रस्त्याने ओढत नव्या जागी नेलं गेलं. विटांचं घर असं नेणं याहून पुष्कळ अवघड गेलं असतं.

या घरांचं सर्वांत मोठं नुकसान आग किंवा किड्यांपेक्षा चुकीच्या दुरुस्तीने केलं आहे. ओकच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. सालीलगतचं कोवळं लाकूड तेवढं पोखरलं जातं. गाभ्यात शिरणारा भुंगा येतो तो लाकूड ओलं राहून बुरशीने मऊ झाल्यावर. चुना आणि माती ओल शोषतात आणि वारा लागला की सोडून देतात. विसाव्या शतकात मातीचे चौकोन काढून तिथे सिमेंट भरलं गेलं, लाकडावर जाड रंगाचा थर चढवला गेला. सिमेंट वाळताना लाकडापासून बारीक फटीने सुटतं. त्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. बाहेरून घर चकचकीत दिसतं आणि आत खांबाचा पाय कुजतो. विल्यम मॉरिस यांनी 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हापासून तिचं सांगणं हेच आहे की जुन्याला जुन्यासारखाच माल लावा आणि जेवढं खराब झालंय तेवढंच बदला.

ते प्रत्यक्षात असं होतं: खांबाचा कुजलेला पाय चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढायचा. त्या जागी नवा ओक, तिरप्या सांध्याने वरच्या जुन्या लाकडात गुंतवून, ओकच्याच खुंट्यांनी बसवायचा. जोत्याशी पाणी साठत असेल तर आधी त्याची वाट काढायची, चौकोनातलं सिमेंट फोडून पुन्हा कूड करायचा आणि त्यावर चुना. नवा तुकडा जुना दिसावा म्हणून त्याला रंग फासायचा नाही. काही वर्षांत तो आपोआप करडा होतो. तोवर नवा कुठे संपतो आणि जुना कुठे सुरू होतो, ते पाहणाऱ्याला स्पष्ट दिसतं.